योसेफाचे तप, वडिलांचे व्रत
नाताळच्या पर्वावर बायबलातील एका कुमाराचे स्मरण आम्हांस होते. योसेफ हा याकोबाचा लाडका पुत्र. पित्याने त्या एकट्यासच सुंदर झगा दिला आणि भावांच्या मनात मत्सर पेटला. त्यांनी १७ वर्षांच्या योसेफास २० रौप्यमुद्रांना विकले. मिसर देशी दास्य, खोटा आळ, कारावास! तरीही हाती आलेले काम त्याने निष्ठेने केले. ३०व्या वर्षी तो फारोचा प्रधान झाला. पुढे दुष्काळात त्याच भावांना त्याने धान्य दिले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. सर्वांची कारणे एक नसतात. तथापि तरुणांना ‘योसेफासारखे सोसा’ एवढेच सांगणे आम्हांस अपुरे वाटते. योसेफाच्या दुःखाचा उगम घरातील पक्षपातात होता. आपल्या प्रल्हादाचा छळही पित्यानेच मांडला. सोसणे हे लेकरांचे तप खरे, परंतु ती वेळ त्यांच्यावर न आणणे हे वडीलधाऱ्यांचे व्रत होय. गुणपत्रिकेवरून भावंडांची तुलना करू नये. नापास झालेल्या मुलास आधी जवळ घ्यावे. बंदिशाळेतही योसेफावर विश्वास टाकणारा एक अधिकारी होता. आपल्या घरी तसा एक तरी असावा!