खुबा बदलला, पुढचं कोण बघणार?

वस्तीतल्या एका मावशींना घेऊन मी व्यायामशाळेत गेले. वय साठीच्या पुढे, खुब्याचा सांधा बदलून दोन महिने झालेले. डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ: ‘व्यायाम चालू ठेवणे.’ कोणता, किती, कशावर, काही नाही. ‘यंत्रांवर केला तरी चालेल’ असं सर्जन म्हणाले, तेही मुलाला. पाय मावशींचा! आणि मुलाचं म्हणणं, “घरात दिवसभर उठबस असते, तोच व्यायाम.”

मैत्रिणींनो, हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! उकिडवं बसून कपडे धुताना खुबा नव्वद अंशांच्या पुढे वाकतो. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल, तर पहिले सहा ते बारा आठवडे साधारणपणे नेमकं हेच टाळायला सांगतात, कारण सांधा निखळू शकतो. आणि लंगडणं थांबायला कुल्ल्याच्या बाजूच्या स्नायूंत जी ताकद लागते, ती पोळ्या लाटून येत नाही.

मुळात बाईचं ऑपरेशनच उशिरा होतं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला २००० सालचा अभ्यास सांगतो, की खुबा किंवा गुडघा बदलायची गरज असून तो न बदलला जाण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांच्या तिपटीहून जास्त होतं. तोवर स्नायू वाळतात. म्हणजे व्यायामाची गरज तिलाच अधिक.

व्यायामशाळेतला पोरगा आधी हसला, मग मावशींना थेट वल्ही मारायच्या यंत्राकडे घेऊन गेला. त्यात गुडघे छातीशी येतात! मी अडवलं. सायकल चालते, पण सीट उंच हवी. गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. पायाने वजन ढकलायच्या यंत्रावर पाठ मागे रेललेली हवी, वजन हलकं. मांड्या आत ओढायचं यंत्र सुरुवातीला नकोच. बाहेर ढकलायचं उपयोगी, पण फिजिओथेरपिस्टला विचारून. ट्रेडमिलवर कठडा धरून सावकाश चालायचं, धावायचं नाही. जांघेत अचानक कळ आली, पाय आखूड वाटला, पोटरी सुजली, तर यंत्र सोडून तडक दवाखाना गाठायचा.

हे सगळं मराठीत लिहून, करून दाखवून, बाईच्याच हातात द्यायला रुग्णालयांना काय जड जातं? आमच्या गटाने ठरवलंय, असा कागद मिळाल्याशिवाय डिस्चार्ज घ्यायचा नाही.

मावशी आता आठवड्यातून तीनदा जातात. त्या वेळात भांडी मुलगा घासतो. कुरकुरत घासतो, पण घासतो.