एक पत्ता, तीन कॉम्प्युटर

घरात कॉम्प्युटर तीन आणि राऊटर एकच. मग दूर राहणाऱ्या लेकीने नेमका आजीचाच कसा उघडावा? मांडवीतली जुनी चाळ आठवा. पत्ता एकच, आत खोल्या पुष्कळ, खोली नंबर नसेल तर पोस्टमन काय करणार! बाहेरच्या जगाला तसाच फक्त राऊटरचा पत्ता दिसतो. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप ३३८९ नंबरच्या पोर्टवर वाट बघतं. म्हणून राऊटरमध्ये प्रत्येक कॉम्प्युटरला आतला कायमचा पत्ता द्यायचा, आणि ३३९० आला तर दुसऱ्याकडे, ३३९१ आला तर तिसऱ्याकडे पाठव, असं सांगून ठेवायचं. (विंडोज होम असेल तर हे जमत नाही, प्रो लागतं.)

पण बाळांनो, असं करू नका. रस्त्यावरचं दार रात्रंदिवस उघडं राहतं, नंबर बदलला तरी चोर सगळी दारं ढकलून बघतात. २०१९ साली ब्लूकीप नावाची खोट इथेच सापडली, पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. त्यापेक्षा राऊटरवर व्हीपीएन लावा, नाहीतर क्रोम रिमोट डेस्कटॉप घ्या. त्यात तिन्ही कॉम्प्युटर नावानिशी दिसतात, पिन निदान ६ आकडी.

आता माझ्या वयाच्या मंडळींना. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, व्हायरस लागलाय" म्हणून कोणी फोन केला, तर त्याला पिन नाही, कोड नाही, काही सांगायचं नाही. फोन ठेवा. आत शिरलाच असेल तर आधी इंटरनेटची वायर काढा, मग लगेच बँकेला कळवा. नातवाला नंतर.