मासा घेईना, म्हणून तळं मारायचं?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या औंढा नागनाथ तालुक्यातल्या एका पाझर तलावावर सकाळी गेलो, तर काठाला पांढरा पट्टा दिसला. लांबून फेस वाटला. जवळ गेलो तर मासे. रोहूची बोटभर पिल्लं, शिंगाळे, झिंगे, सगळं पोट वर करून पडलेलं. पाण्याला ब्लिचिंग पावडरचा उग्र वास. हातभर लांब मरळ उचलून कल्ला उघडून पाहिला. तो रक्तासारखा लाल असतो. हा उकडल्यासारखा पांढरट पडला होता.

आदल्या संध्याकाळी बांधावर गळ टाकून बसलेल्यांतला एक जण माझ्यादेखत म्हणाला होता, "चार घंटे झाले, एक टोच नाही. पावडर टाकली की कसे वर येत नाहीत बघतो." ती त्यानेच टाकली का, हे मी पाहिलेलं नाही. पण ते वाक्य ऐकून बांधावरचे पाच-सहा जण हसले, एकानेही त्याला झापलं नाही. मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला आजही शरम वाटते.

मासा घेत नाही याला कारण असतं, आणि ते शोधायची अक्कल नसलेला माणूस पाण्यावर सूड उगवतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ च्या वर जातो, तळं आटून डबक्याएवढं उरतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यात शेवाळ दाट असेल तर तेही रात्रभर प्राणवायू ओढतं, म्हणून पहाटे पाणी सगळ्यात गुदमरलेलं असतं. तेव्हा रोहू-कटला तोंड वर काढून उघडझाप करतात. बांधावरच्या शहाण्याला वाटतं, मासे भुकेले आहेत! तो त्यांच्या तोंडापुढे कणकेचा गोळा टाकतो आणि मासा तोंड लावत नाही म्हणून आईमाईवरून शिव्या देतो. अरे, ज्याला श्वास घेता येत नाही तो जेवेल कसा? ऊन वर येऊ दे, शेवाळाला उजेड मिळू दे, पाण्यात जीव येऊ दे, मग टाक गळ. ढगाळ हवा दोन-तीन दिवस टिकली तर त्या दिवसांत गळ गुंडाळून घरी जा.

दुसरी चूक तर रोजची. सगळ्यांचे गळ एकाच खोलीवर. थर्माकोलचा तुकडा दोरीला जिथे एकदा बांधला, तिथेच वर्षभर. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. माशाचं तोंड बघितलं तरी कळतं की गळ किती खोल सोडायचा. थंडीत पहाटे कुडकुडत बसणाऱ्यांचंही तसंच. गार पाण्यात मासा सुस्तावतो, त्याला भूक कमी. दुपारी ऊन लागलेल्या उथळ कडेला बसा, आमिष लहान करा, दोरी बारीक घ्या. पहिल्या पावसाने पाणी गढूळ झालं की माशाला दिसत कमी, वास कळतो. तिथे गांडूळ चालतं, आणि नाला तळ्यात उतरतो त्या तोंडाशी मासा जमतो. एवढं करूनही नाही लागला, तर नाही लागला. रिकाम्या हाताने घरी जाण्यात कसला अपमान?

पावडरवाल्यांइतकाच राग मला आणखी एका जातीच्या शिकाऱ्यांचा येतो, आणि हे लोक स्वतःला फार हुशार समजतात. मरळ पावसाळ्यात वीण घालते. गवतात जागा साफ करते, अंडी पाण्यावर तरंगतात, पिल्लं निघाली की शेकडोंचा नारिंगी पुंजका पृष्ठभागाखाली गोळ्याने फिरतो. नर-मादी त्याच्या खाली पहारा देतात. तेव्हा त्या सहज शिकारीला निघत नाहीत. पण पुंजक्याजवळ काहीही पडलं तरी पिल्लांच्या काळजीने त्यावर तुटून पडतात. आमचे हुशार लोक नेमके तिथेच बेडूक फेकतात आणि तीन किलोची मरळ उचलून मोबाइलवर फोटो टाकतात. मागे राहिलेला पुंजका दुसरे मासे आणि बगळे फस्त करतात. आई मारून शिकार केली म्हणून मिरवणाऱ्याला मी शिकारी म्हणणार नाही. आणि पुढच्या साली हाच माणूस विचारतो, "तळ्यात मरळ का राहिली नाही?" शेजारच्या तेलंगणाने मरळीला राज्यमाशाचा मान दिला. आपण तिच्या पिल्लांनाही वाढू देत नाही.

तळं कुणाच्या बापाचं नाही असं म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. सिद्धेश्वर धरण आमच्याच तालुक्यात, वरच्या अंगाला येलदरी, दोन्ही पूर्णा नदीवर. या धरणांच्या आणि गावोगावच्या तलावांच्या काठावर भोई समाजाची घरं आहेत. त्यांच्या सहकारी संस्था ठेका भरतात, बोटुकली विकत आणून पाण्यात सोडतात आणि ती वाढेपर्यंत महिनोन्‌महिने थांबतात. एका रात्रीत कुणीतरी पाच किलो पावडर, नाहीतर कपाशीवर मारायचं औषध ओततो आणि त्यांचा वर्षाचा घास जातो. मोठे मासे पिशवीत जातात, पिल्लं, झिंगे, गोगलगायी, किडे सगळं मरून कुजतं, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायू संपवतं. जिलेटिन फोडणाऱ्यांचे तर निम्मे मासे वर येतच नाहीत. आतला हवेचा फुगा फुटला की मासा तळाला जातो आणि तिथेच सडतो. त्याच पाण्यावर गुरं येतात. त्याच पाझरावर खालच्या विहिरी भरतात.

१८९७ साली इंग्रजांनी केलेल्या मत्स्य कायद्यातही स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला बंदी होती, दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. आजही हा गुन्हाच आहे. पण गुन्हा नोंदवायला तक्रार करणारा लागतो, आणि गावात तक्रार करणाऱ्यालाच भांडकुदळ ठरवतात. ठरवा. त्या मेलेल्या मरळीचा फोटो मी अजून पुसलेला नाही. यंदा बांधावर पावडरची पिशवी दिसली, तर पिशवीचा, गाडीच्या नंबरचा आणि धरणाऱ्या हाताचाही फोटो काढणार आहे, आणि ठाण्यात माझ्या नावाने अर्ज देणार आहे.