खोलवर कोण जाणार?

परवा आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या एका शाळेचा कबड्डीचा सामना पाहिला. तालुकास्तराचा. शाळेचं नाव सांगत नाही, पोरं रागावतील! पकड म्हणाल तर एक नंबर. कोपऱ्यातल्या दोघांनी पाय धरला की सुटका नाही. तरीही संघ हरला.

कारण सोपं होतं. त्यांचे तिन्ही चढाईपटू निदान रेषेला पाय लावायचे आणि परत फिरायचे. पहिल्या पाच मिनिटांतच समोरच्यांनी हे ओळखलं. मग ते बिनधास्त पुढे सरकले, साखळ्या धरल्या आणि येणाऱ्याला जागाच ठेवली नाही. मागच्या अंगणात चोर येणारच नाही अशी खात्री असली, तर मागचं दार कोण राखेल?

अमेरिकन फूटबॉलमध्येही हीच कथा. (नावात फूटबॉल, पण चेंडू बराच वेळ हातातच!) तिथे एक गडी सुसाट पळत प्रतिस्पर्ध्यांच्या पार मागे जातो आणि लांबून फेकलेला चेंडू झेलतो. प्रत्येक वेळी चेंडू त्याच्याकडे येतो असं नाही. पण तो पळाला की रक्षकांना मागे हटावंच लागतं आणि पुढे त्याच्या सोबत्यांना मोकळी जागा मिळते.

आपल्याकडे हे काम बोनस करणारा चढाईपटू करतो. मोठ्या पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे आणखी १ मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस. एक पाय रेषेपलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत! म्हणजे शरीराचा सगळा भार शत्रूच्या घरात, एका पायावर. भीती वाटणारच.

यात अनूपकुमार उस्ताद. २०१५ साली त्याच्या नेतृत्वाखाली यू मुंबा प्रो कबड्डीची विजेती ठरली. २०१६ च्या विश्वचषकात अहमदाबादला भारताने इराणला ३८-२९ असं हरवलं, तेव्हाही कर्णधार तोच. फार धसमुसळेपणा नाही. शांतपणे डुलत राहायचा. कोपरारक्षक पायाकडे वाकला की हाताने गडी टिपायचा, आणि हाताकडे पाहत राहिला की पाय रेषेपलीकडे!

सामना संपल्यावर त्या शाळेचे सर मुलांना घेऊन बसले होते. एक उंच, काटकुळा पोरगा मान खाली घालून म्हणाला, "सर, आत गेलो न् धरलं त?"

"धरतील ना! पण तुला धरायला ते मागं राहिले, की मंग याला पुढं जागा," असं म्हणत सरांनी शेजारच्या बुटक्याच्या पाठीवर थाप मारली.

बुटका खूश झाला. उंच पोरगा मात्र विचारात पडलेला. मार आपण खायचा आणि गुण दुसऱ्याचे? हा प्रश्न मला तरी रास्त वाटला.

मी निघालो तेव्हा मैदान रिकामं होत आलं होतं. पुसट झालेल्या बोनस रेषेवर कुणीतरी नवी फक्की टाकली होती, आणि तो काटकुळा एकटाच एका पायावर तोल सावरत उभा होता. दोनदा पडला. तिसऱ्यांदा पाहायला मी थांबलो असतो, पण कारंज्याची एस.टी. आली!