विद्यार्थ्यांचा क्लम आणि आपली बाटली

माघ संपत आला की आपल्या औषधालयांत एक विशिष्ट प्रकारचा ग्राहक दिसू लागतो. पाठीवर जड पिशवी, डोळ्यांखाली काळी वर्तुळे, बोलण्यात घाई. तो आजाराचे नाव सांगत नाही. ‘स्मरणशक्तीसाठी काहीतरी द्या’, एवढेच म्हणतो. दुकानदार फळीवरून ब्राह्मीची अथवा शंखपुष्पीची बाटली काढतो, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे घेण्यास सांगतो आणि दोन मिनिटांत व्यवहार संपतो. पुण्यातील पेठांमधून असो की लातूरच्या शिकवणी-वर्गांच्या रस्त्यांवर, हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. वैद्याकडे तोच विद्यार्थी आला तर पाच मिनिटे अधिक लागतात. नाडी पाहिली जाते. हाती मात्र बहुधा तीच बाटली पडते.

याविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांस आहे तो एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातील एक मुलगा गावाकडील ओळखीने आमच्याकडे आला. झोप नाही, भूक नाही, पुस्तक उघडले की अक्षरे डोक्यात शिरत नाहीत, अशा तक्रारी होत्या. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, मलप्रवृत्ती विचारली, वातप्रकोपाचे निदान केले आणि अश्वगंधा चूर्ण व सारस्वतारिष्ट देऊन पंधरा दिवसांनी बोलाविले. तो आला नाही. तीन आठवड्यांनी त्याचा खोलीतील सोबती आमचा कागद मागण्यास आला, कारण मुलगा रुग्णालयात दाखल होता आणि तेथील डॉक्टरांना पूर्वीची औषधे जाणून घ्यावयाची होती. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. सुदैवाने तो वाचला. पुढे बहिणीसह भेटावयास आला तेव्हा त्याने आमच्याविषयी तक्रार केली नाही. बाटली अर्धीही संपली नव्हती, एवढे बहिणीने सांगितले. आम्ही त्याला क्षुधा विचारली, तृष्णा विचारली. जगावेसे वाटते का, हे विचारले नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते, आणि राज्यवार यादीत आपला क्रमांक पहिला होता. यांतील किती जण त्यापूर्वी एखाद्या वैद्याच्या वा औषधालयाच्या पायरीवर येऊन गेले असतील, याची नोंद कोठेच नसते.

ज्याला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात तो शब्द मानसशास्त्रात रूढ झाला १९७४ च्या सुमारास, हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांच्या लेखनातून. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात त्याला रोग न मानता व्यवसायाशी संबंधित अवस्था मानले आहे आणि ती संज्ञा नोकरी-व्यवसायापुरती मर्यादित ठेवली आहे. त्या व्याख्येत विद्यार्थी बसत नाही. आपल्याकडे मात्र त्याच्यासाठी नेमका शब्द आधीपासून आहे. सुश्रुतांनी शारीरस्थानात ‘क्लम’ सांगितला आहे. कष्ट न करताच जाणवणारा, धाप न लागता वाढत जाणारा आणि इंद्रियांना आपापले विषय ग्रहण करू न देणारा थकवा, असा त्याचा आशय. ‘दिवसभर काहीच केले नाही, तरी दमलो आहे, वाचतो आहे, पण कळत नाही’, असे विद्यार्थी सांगतो तेव्हा तो क्लमाचेच वर्णन करीत असतो. शब्द आपल्या ग्रंथात असूनही आपण त्याची तक्रार ‘स्मरणशक्ती कमी’ अशी नोंदवितो आणि मेध्य औषधाकडे वळतो. चूक येथे, निदानात होते. बुद्धी क्षीण झालेली नसते; इंद्रिये थकलेली असतात.

मेध्य औषधांविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. चरकांनी रसायनाध्यायात मेध्य म्हणून चार योग सांगितले: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह यष्टिमधुचूर्ण, गुडूचीस्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क. ती रसायने आहेत, आणि रसायन म्हणजे शरीरशुद्धी, पथ्य व काळ यांची साथ मागणारी चिकित्सा. परीक्षेआधी दहा दिवस, पहाटे चारला झोपणाऱ्या मुलाने घेतलेले साखरेचे सरबत म्हणजे रसायन नव्हे. अश्वगंधेचा आधार घेणारे पुष्कळदा २०१२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीकडे बोट दाखवितात. तीत सहभागी झालेल्या ६४ जणांपैकी एका गटाला साठ दिवस मुळाचा संहत अर्क देण्यात आला होता आणि तणावमापनात सुधारणा आढळली होती. ती जमेची बाजू आहे. परंतु संहत अर्काचा निष्कर्ष आपण चमचाभर चूर्णाला लावतो, आणि साठ दिवसांचा निष्कर्ष दहा दिवसांना. शिवाय अश्वगंधेच्या अर्कांनी यकृतास इजा झाल्याचे मोजके वृत्तांत अलीकडे प्रसिद्ध झाले आहेत, थायरॉइडच्या रुग्णांत तिचा विचार जपून करावा लागतो, आणि झोपेच्या गोळ्या चालू असतील तर ग्लानी वाढू शकते. हे प्रश्न काउंटरवर विचारले जातात का? आसवारिष्टांतील स्वजनित मद्याविषयीही कोणी बोलत नाही.

सर्पगंधेचा मुद्दा याहून गंभीर आहे. या वनस्पतीने आपल्या शास्त्राचे नाव जगभर नेले. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली रक्तदाब व उन्माद यांवरील तिचा उपयोग मांडला, मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरील आपले अनुभव प्रसिद्ध केले, पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. मात्र १९५० च्या दशकातच रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत खिन्नता आढळल्याच्या नोंदीही झाल्या. त्या संबंधाच्या बळाविषयी पुढे मतभेद झाले, तरी खिन्न रुग्णास हे औषध देऊ नये ही सूचना कायम राहिली. असे असता, निद्रानाश म्हणून आलेल्या उदास मुलास आजही सर्पगंधा घनवटी दिली जाते. जो आधीच विषण्ण आहे त्याला ती देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग द्यावे काय? येथे आपल्याच शास्त्राने दिलेले आणि आपणच अडगळीत टाकलेले साधन आठवते. चरकांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात औषधाचे तीन प्रकार सांगितले. दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे म्हणजे सत्त्वावजय. पदवी-परीक्षेत त्यावर टीप लिहिली नाही असा वैद्य आपल्यात क्वचितच असेल, आणि नंतर ती चिकित्सा नियमाने केली असा वैद्यही क्वचितच. याचे कारण अज्ञान नाही. बाटलीवर नफा मिळतो. अर्धा तास बोलण्याचे शुल्क मागण्यास आपण संकोचतो. ‘नुसते बोलण्याचे पैसे घेतले’ असे रुग्ण म्हणेल ही भीती असते. हा संकोच सोडावा. शल्यकर्माचे मूल्य असते तसेच सत्त्वावजयाचेही असावे, आणि विद्यार्थ्यास ते परवडत नसेल तर ते कमी करावे; चिकित्साच वगळू नये.

आमच्या अनुभवात यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नसते. आम्ही आता विद्यार्थ्यास प्रथम एकच सांगतो, ‘कालचा दिवस सांग.’ उठलास कधी, काय खाल्लेस, कोठे बसलास, कोणाशी बोललास, दिवा कधी मालवलास. दिवस कागदावर उतरला की बरेचसे निदान समोर येते. सकाळ अकराला उजाडलेली असते. पहिले अन्न म्हणजे चहा आणि टपरीवरील वडापाव. दुपारी खानावळीचा डबा तसाच राहिलेला. रात्री दोनपर्यंत अभ्यासिका आणि मग चारपर्यंत हातातील भ्रमणध्वनी. निद्रा, क्षुधा, श्रमश्वास हे अधारणीय वेग आहेत, असे आपण शिकलो. हा मुलगा त्यांतील निम्मे रोज धारण करतो. आणि ज्यांचे धारण करावे असे चरक सांगतात, ते लोभ, शोक, भय, क्रोध यांचे वेग मात्र मोकाट असतात, कारण शेजारच्या खाटेवरील मित्राला किती गुण मिळाले याची बातमी त्याच्या हातातील यंत्र त्याला रात्री तीन वाजताही देत असते.

‘उद्यापासून दहाला झोप’ असा आदेश देऊन काही होत नाही. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय पादांशाने, क्रमाक्रमाने सोडविण्यास सांगितले आहे, आणि आमच्या मते विद्यार्थ्यांच्या चिकित्सेत यासारखे उपयुक्त वचन दुसरे नाही. पहिल्या आठवड्यात केवळ उठण्याची वेळ ठरवावी. दुसऱ्यात दुपारचे जेवण गरम आणि बसून. मग झोपण्याची वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने मागे आणावी. हाताने करण्याजोगे काही हवेच असेल, आणि रुग्णास ते हवे असतेच, तर रात्री तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासण्यास सांगावे. ती वाटी पुष्कळांच्या घरी आजीच्या काळापासून पडून असते. शिरोधारेचे आम्ही विरोधक नाही. परंतु ‘परीक्षा विशेष’ म्हणून तिची एका दिवसाची सवलत-योजना जाहीर करणारी केंद्रे पाहिली की शास्त्राचीच कीव येते.

हे सर्व क्लमापुरते. त्यापलीकडे विषाद आहे, उन्माद आहे, आणि तेथे आपली मर्यादा ओळखणे हेही चिकित्सेचेच अंग आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नसणे, अन्न सुटणे, मरणाची भाषा, आवाज ऐकू येणे, अनेक रात्री न झोपताही उत्साह ओसंडणे, मद्य वा अन्य व्यसन: यांपैकी काहीही आढळले तर बाटली बाजूस ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. जीव द्यावासा वाटतो का, असे सरळ विचारावे. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे, हे अभ्यासांनी दाखवून दिले आहे. उलट पुष्कळांना कोणीतरी विचारल्याचे हायसे वाटते. होकार आला तर त्यास एकटे सोडू नये. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही. आणि ज्याच्या मनोविकारावरील ॲलोपॅथीच्या गोळ्या चालू आहेत, त्याला ‘त्या बंद करा, आपल्या सुरू करा’ असे सांगणारे आपले बंधू अद्याप आहेत. त्या एकाएकी थांबविल्याने होणाऱ्या अनर्थाची जबाबदारी कोणतेही अरिष्ट घेत नाही.

कायद्याकडेही पाहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले. ही मान्यता मोलाची आहे. तिचा दुसरा अर्थ असा की आपल्यातील इतरांनी तसा फलक लावू नये. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. आपल्या परिसरातील महाविद्यालयाचा समुपदेशक कोण, त्याचा क्रमांक काय, हे प्रत्येक वैद्याच्या टेबलावर लिहिलेले असावे.

शेवटी आपल्या घराविषयी. आयुर्वेद महाविद्यालयांतील विद्यार्थी या सगळ्यातून सुटलेले नाहीत. पुष्कळजण ‘नीट’मध्ये दुसरे काही न मिळाल्याने येतात, ते दुःख कोणासही न सांगता साडेचार वर्षे काढतात आणि आंतरवासितेत रात्रपाळीला उभे राहतात. मौखिक परीक्षेत आपण त्यांना उन्मादाचे भेद विचारतो. काल झोपलास का, हे विचारीत नाही. सुश्रुतांच्या शिष्योपनयनात शिष्याच्या कर्तव्यांची लांब यादी आहे, पण गुरूही शपथ घेतो: तू नीट वागत असता मी अन्यथा वागलो तर पाप मला लागो आणि माझी विद्या निष्फळ होवो, अशा अर्थाची. उपनयनाच्या समारंभात शिष्यांची प्रतिज्ञा मोठ्याने म्हटली जाते. गुरूची प्रतिज्ञा म्हटल्याचे आम्ही अद्याप ऐकलेले नाही.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना एक विनंती आहे. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, त्यामुळे तुमच्या फळीवर विचारणारे तुमच्याखेरीज कोणी नसते. आम्ही एका पुठ्ठ्यावर तीन प्रश्न छापून घेतले आहेत: रात्री किती वाजता झोपता, दुसरे कोणते औषध चालू आहे, फार निराश वाटते का. खाली १४४१६ हा क्रमांक आणि जवळच्या वैद्याचे नाव लिहिण्यास मोकळी जागा आहे. परीक्षांपूर्वी ज्यांना हा पुठ्ठा दुकानात लावावयाचा असेल त्यांनी संघटनेच्या कार्यालयात कळवावे. छपाईचा खर्च आम्ही करू. टपालाचा तेवढा ज्याचा त्याने सोसावा.