जिजीची कणगी



खत, पाणी, कीड यांच्या गोष्टी आपण या सदरात नेहमीच करतो. आज जरा घरची गोष्ट सांगतो. पण तीही बियाण्याचीच आहे.

माझ्या आजोबांना एक थोरली बहीण होती. नात्याने आमची आत्याआजी, पण सारी गल्ली तिला जिजीच म्हणे. शहादा तालुक्यात गोमाईच्या काठाला आमचे गाव. जिजी कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी आली आणि पुढची साठ वर्षे आमच्या घरात राबली. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेला आम्हा पोरांना गाडीत घालून नेणारी तीच, अन् ताप आला तर रात्रभर उशाशी बसणारीही तीच. तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे.

घरातले सारे बियाणे तिच्या ताब्यात. कापणीआधी उभ्या ज्वारीत फिरून ती भरघोस कणसे निवडून ठेवी. हरभरा, मूग कडक उन्हात वाळवी, गोवरीची चाळलेली राख चोळी आणि मडक्यात भरून तोंड शेणामातीने लिंपी. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजी. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. पुढे कृषी महाविद्यालयात मी शिकलो, की राखेने भुंगेऱ्याच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडले जाते आणि तो कोरडा पडून मरतो. शंभर दाण्यांच्या परीक्षेला तिथे उगवणशक्ती चाचणी म्हणत. नाव नवे होते, काम जिजीचेच.

१९७२ च्या दुष्काळाची हकिगत वडील सांगत. घरातले धान्य संपत आले. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. एके दिवशी बियाण्याची ज्वारी दळायचे ठरले. जिजी कणगीला पाठ लावून बसली ती उठलीच नाही. स्वतः अर्ध्या भाकरीवर राहिली, पण बी हलू दिले नाही. १९७३ च्या पावसाळ्यात तेच बी आमच्या शेतात पडले, आणि शेजारच्या दोन घरांच्याही.

मी नोकरीला लागलो तेव्हा गावातच बियाण्यावर सभा घेतली. मोठ्या ऐटीत बोललो. रात्री जेवताना जिजी म्हणाली, "बी कोन ठेवस, अन् तू बलावस कोनले?" बी ठेवते कोण आणि तू बोलावतोस कोणाला? सभेत एकही बाई नव्हती. माझा घास हातातच राहिला. त्यानंतर बायकांना बोलावल्याशिवाय मी बियाण्याची सभा घेतली नाही.

जिजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. मध्यंतरी मी घराण्याची वंशावळ लिहायला बसलो. जुने सातबारे, वारसनोंदी चाळल्या. जिने ती जमीन पेरती ठेवली, तिचे नाव कुठेच नाही. तिचे पाळण्यातले नाव घरात कुणाला सांगताही येईना. शेवटी एका पिवळ्या पडलेल्या रेशनकार्डावर ते सापडले. आता मी ते आजोबांच्या नावाशेजारी लिहिले आहे.

तुम्हीही एक करा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईजवळ घटकाभर बसा. तिचे नाव, माहेर, तिने सोसलेले दिवस आणि बियाण्याची तिची रीत वहीत उतरवून घ्या. संकरित वाणाचे बी दरवर्षी नवेच घ्यावे लागते. पण हरभरा-मुगाच्या सुधारित वाणाचे बी घरी राखताना तिची रीत आजही कामी येईल. आणि घरातल्या लेकींची नावेही वंशावळीत लिहा. नाहीतर नातवंडांवर रेशनकार्ड शोधत बसायची पाळी येईल.

असो. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटूच.