सैंधव आणि रक्षकपेशी

आरे कॉलनीच्या वेशीजवळ राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या थोरल्या मुलास त्याच्या पत्नीनें आपलें एक मूत्रपिंड दिलें. तीन महिन्यांनीं शरीर तें झिडकारूं लागलें. औषधें वाढवून डॉक्टरांनीं तें सांवरलें. परंतु माजघरांत कुजबूज सुरू झालीच कीं, सूनबाईनें मनापासून दिलें असतें तर रुजलें असतें! त्या मुलीचा उतरलेला चेहरा पाहिल्यावर आम्हांस स्वस्थ बसवेना.

परका अवयव शरीर ओळखतें, हें वाचकांस ठाऊक आहेच. १९६८ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयारोपण केलें, तेव्हां या झिडकारण्यास आवर घालणारीं औषधें फार थोडीं होतीं. पुढें तीं वाढलीं. परंतु ही झुंज कधीं कधीं एखाद्या जुन्या आजाराच्या स्मृतींतूनही उद्भवूं शकते, ही गोष्ट घरोघरीं अजून पोंचलेली नाहीं.

विषाणु पेशींत शिरला कीं त्याचा एक तुकडा पेशीच्या पृष्ठभागावर एच. एल. ए. नांवाच्या प्रथिनावर मांडला जातो. टी-पेशी नामक रक्षक तुकडा व प्रथिन हीं दोन्ही मिळून शत्रूची खूण ओळखतो. रोग हटला तरी त्याचे वंशज वर्षानुवर्षें जागत राहतात. हीं प्रथिनें माणसागणिक निरनिराळीं असतात, आणि परक्याचें प्रथिन, त्यावर अगदीं निरुपद्रवी तुकडा असतांही, या रक्षकांस त्या जुन्या शत्रूसारखें भासूं शकतें. 'सैंधव आण' म्हटलें असतां जेवतांना मीठ आणावें, प्रवासास निघतांना घोडा, हें आम्ही संस्कृतच्या वर्गांत शिकवीत असूं. रक्षकपेशीस प्रसंग कळत नाहीं. खूण जुळली कीं ती धांवते.

एप्स्टाइन-बार हा विषाणु बहुतेकांस बाळपणींच, पुष्कळदां नकळत, गांठतो व जन्मभर देहांत राहतो. १९९४ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांस असें आढळलें कीं, बी-८ हें प्रथिन असलेल्या व्यक्तींच्या त्याविरुद्धच्या रक्षकपेशी बी-४४ असलेल्या परक्या, निरोगी पेशींवरही तुटून पडतात. २०१० सालीं हॉलंडांतील लायडेन येथें अशा निरनिराळ्या विषाणूंविरुद्धच्या पेशी तपासल्या; जवळजवळ निम्म्यांत हा घोटाळा सांपडला. अर्थात् कांचपात्रांत घडतें तें देहांत घडतेंच असें नव्हे. मूत्रपिंडाच्या पेशी तो विशिष्ट तुकडा मांडतीलच असा नेम नाहीं.

आमच्या स्नेह्यांच्या घरीं नेमकें हेंच झालें असा आमचा दावा नाहीं. तरी हें सारें आम्ही तेथें जाऊन, सैंधवासकट, सांगितलें. आजीबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या लहानपणच्या तापाचेंही हें असूं शकेल म्हणतां?" आणि आंत वळून, "अगं, तूं दूध घेतलेंस का?"